खालच्या पायऱ्या कुणी काढल्या?

बँकेच्या कुठल्याही अर्जात एक रकाना असतो : कायमचा पत्ता. पस्तीसहून अधिक वर्षं बँकेत काढल्यामुळे तो मी किती हजार वेळा पाहिला असेल याची गणती नाही. खातं उघडायचं असो, कर्ज हवं असो की वारसाचं नाव लावायचं असो, पत्ता आधी लिहावा लागतो. माणूस कोण आहे हे बँक मागाहून विचारते, तो कुठे सापडेल हे आधी विचारते.

१९८१ साली मी लालबागच्या बाजूला एका शाखेत कारकून म्हणून लागले, तेव्हा समोर बहुतेक गिरणी कामगार असत. त्यांच्या अर्जात ‘कायमचा पत्ता’ म्हणून मुक्काम पोस्ट अमुक, तालुका संगमेश्वर किंवा देवगड असं असायचं. ‘सध्याचा पत्ता’ या रकान्यात एखाद्या चाळीचं नाव, खोली नंबर आणि पुढे ‘गावाची खोली’ एवढंच. सुरुवातीला मला ते कळेना. एकाच खोलीच्या पत्त्यावर वीस-पंचवीस खाती कशी? मग एका मुकादमाने समजावलं, ‘बाई, ती आमच्या गावाची खोली. गावातनं जो मुंबईला येतो तो आधी तिथेच उतरतो.’

आज बेघरांविषयी लिहायला बसले तेव्हा मला पहिल्यांदा आठवली ती ही खोली. कारण मला जे म्हणायचं आहे ते तिच्यातूनच निघतं. फुटपाथ आणि मालकीचा फ्लॅट ही शहराची दोन टोकं. त्यांच्यामध्ये एके काळी पुष्कळ पायऱ्या होत्या. त्यातल्या खालच्या पायऱ्या आपण एकेक करून काढून टाकल्या आणि आता माणसं खाली बसलेली दिसतात तेव्हा ‘ही वर का चढत नाहीत?’ असं विचारतो.

आधी बेघर कोण ते पाहू. मराठीत कुणाचं दिवाळं निघालं की तो ‘रस्त्यावर आला’ असं आपण म्हणतो. म्हणजे रस्त्यावर असणं हा आपल्या भाषेत शेवटचा मुक्काम आहे. सरकारी व्याख्या मात्र अधिक बारकाईने पाहते. जे लोक घरात न राहता रस्त्याच्या कडेला, फुटपाथवर, मोठ्या सिमेंटच्या पाइपांत, पुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या ओसरीत किंवा रेल्वेच्या फलाटावर राहतात, त्यांना जनगणना बेघर मानते. २८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री प्रगणक अशा माणसांना मोजायला बाहेर पडले. देशभरात १७ लाख ७० हजारांवर माणसं मोजली गेली, त्यांतली दोन लाखांहून जास्त महाराष्ट्रात आणि सुमारे ५७ हजार एकट्या मुंबईत. एका रात्रीत, अंधारात, निजलेल्या माणसांची ही मोजणी. या क्षेत्रात काम करणाऱ्या संस्था हा आकडा फार कमी आहे असं सांगत आल्या आहेत. २०२१ मध्ये व्हायची जनगणना लांबणीवर पडल्यामुळे वर्षानुवर्षं याच आकड्यावर बोलणं भाग पडलं.

या माणसांकडे पाहताना आपली पहिली चूक होते ती त्यांना भिकारी समजण्याची. पहाटे भाजीबाजारात हमाली करणारा, नाक्यावर फावडं-घमेलं घेऊन उभा राहणारा, लग्नसराईत केटररकडे ताटं विसळणारी, देवळाबाहेर हार विकणारी, कचरा वेचणारी, हॉटेलात भट्टीवर उभा असणारा पोऱ्या, अशी ही मंडळी आहेत. फुटपाथवर राहणारा माणूस बहुधा काम करणारा माणूस असतो. ज्या कामाला पहाटे तीन-चारला हजर राहावं लागतं, त्याच्यासाठी लांबच्या उपनगरातली स्वस्त खोली ही स्वस्त नसते. पहिल्या लोकलने तो पोचेपर्यंत बाजार निम्मा उठलेला असतो. खोलीचं भाडं, वर काही महिन्यांच्या भाड्याइतकं डिपॉझिट, जाण्या-येण्याचा खर्च आणि बुडालेला खाडा हे सगळं एका बाजूला मांडा, दुसऱ्या बाजूला रोजची अनिश्चित मजुरी मांडा. हा ताळेबंद जुळत नाही. मग तो कामाच्या जागेजवळ पथारी टाकतो. यात आळस कुठेच नाही, उलट पक्का हिशेब आहे.

हा हिशेब देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केला होता. १९८१ साली बॅ. अंतुले मुख्यमंत्री असताना मुंबईतल्या फुटपाथवासीयांना हटवून त्यांच्या गावी पाठवायची मोहीम निघाली. त्याविरुद्ध पत्रकार ऑल्गा टेलिस आणि काही फुटपाथवासी न्यायालयात गेले. जुलै १९८५ मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने निकाल दिला की, जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो आणि माणसं फुटपाथवर राहतात ती काम जवळ असतं म्हणून. मात्र त्याच निकालाने हेही सांगितलं की, फुटपाथ चालण्यासाठी आहे आणि रीतसर नोटीस देऊन पालिका त्यांना उठवू शकते. फक्त त्या वर्षीचा पावसाळा सरेपर्यंत थांबा, एवढी मुदत मिळाली. तत्त्व गरिबाच्या बाजूचं लागलं, जागा मात्र त्याच्या हातची गेली. उठवलं तर माणसाने जायचं कुठे, हा प्रश्न तेव्हापासून तसाच उभा आहे.

आता त्या गावाच्या खोलीकडे परत येऊ. दहा बाय बाराची खोली, माणसं वीस किंवा त्याहून जास्त. पहिल्या पाळीचा उठून गेला की तिसऱ्या पाळीचा त्याच जागी आडवा व्हायचा. प्रत्येकाची एक ट्रंक आणि एक खुंटी, एवढाच संसार. जेवण खानावळीत, महिन्याच्या बोलीवर. पगार झाला की बाईंचे पैसे आधी चुकते करायचे. याच खानावळवाल्या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि गहाण ठेवायला काहीही नसलेल्या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेची कर्जं मिळवून दिली. बायकांनी ती फेडलीही. आम्हा बँकेच्या माणसांना हे उदाहरण नंतर कितीतरी वर्षं ऐकवलं जायचं.

या खोल्यांचं गोडवं गाण्याचा माझा मुळीच इरादा नाही. ढेकूण, सामायिक संडास, एक नळ आणि पाठोपाठ येणारा क्षय, हे सगळं तिथे होतं. बायकांना तिथे जागा नव्हती. गावकीची खोली ही जातीचीही खोली असे. ज्याच्या गावाने किंवा जातीने मुंबईत खोली घेतलेली नव्हती, तो तेव्हाही उघड्यावरच होता. तरीही ती एक पायरी होती. नव्याने आलेला पोरगा पहिल्या रात्री रस्त्यावर झोपत नसे. चार पैसे साठले की तो खोलीतून अर्ध्या खोलीत, अर्ध्यातून पूर्ण खोलीत जाई. काम गेलं, आजारी पडला, तर एक पायरी खाली येई. पण एक पायरीच. थेट फुटपाथवर नव्हे.

या पायऱ्या गेल्या कशा? १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यांतले पुष्कळसे कधीच आत गेले नाहीत. आमच्या शाखेतली गावाच्या खोल्यांवरची खाती हळूहळू निजली. गिरणी गेली तशी खानावळ गेली. खानावळ गेल्यावर खोलीचा महिना भरणारं कुणी उरलं नाही.

दुसरं कारण कायद्याचं. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी १९४० च्या पातळीवर बांधून ठेवली. फाळणीच्या आणि टंचाईच्या काळात भाडेकरूला वाचवण्यासाठी ते गरजेचंच होतं. पण तात्पुरता म्हणून आलेला हा बांध पन्नास वर्षं राहिला. १९९९ चा नवा कायदा येईपर्यंत भाड्याने देण्यासाठी चाळ बांधणारा माणूसच मुंबईतून नाहीसा झाला होता. जुन्या भाडेकरूला संरक्षण मिळालं, नव्याने येणाऱ्यासाठी मात्र दार बंद झालं. पागडी देऊ शकेल त्यालाच जागा, असा व्यवहार रूढ झाला.

तिसरं कारण माझ्याच धंद्यातलं. नव्वदच्या दशकापासून बँका गृहकर्जं देऊ लागल्या, व्याजावर करसवलत मिळू लागली आणि मध्यमवर्गाला हक्काचं घर झालं. मीही त्याच वाटेने घर घेतलं. पण ही सगळी मदत मालकीच्या घराला होती. पगाराची पावती, जामीनदार आणि तारण असेल त्याला वीस वर्षांचं कर्ज मिळे. पण ज्याला खोलीच्या डिपॉझिटपुरते पैसे हवेत, त्याच्यासाठी आमच्याकडे कुठलीच योजना नव्हती. २०१७-१८ च्या केंद्राच्या आर्थिक पाहणी अहवालात हे चित्र आकड्यांत आलं आहे. १९६१ मध्ये देशातल्या शहरांत निम्म्याहून जास्त, म्हणजे ५४ टक्के घरं भाड्याची होती. २०११ मध्ये हे प्रमाण २८ टक्क्यांवर आलं. आणि त्याच वर्षीच्या जनगणनेप्रमाणे मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरं रिकामी होती. एका बाजूला ५७ हजार माणसं उघड्यावर, दुसऱ्या बाजूला पावणेपाच लाखांवर कुलपं. ही घरं त्या माणसांना वाटून द्या असं मी म्हणत नाही, ती त्यांना परवडणारीही नाहीत. पण आपल्याकडे घर ही राहायची गोष्ट न राहता पैसे गुंतवायची गोष्ट झाली, एवढं यावरून नक्की कळतं.

पायऱ्या नसल्या की कुठलाही धक्का माणसाला थेट तळाशी नेतो. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून, नगर-सोलापुरातून माणसं मुंबईला आली, त्यांतली कित्येक कुटुंबं फुटपाथवरच स्थिरावली. धक्का कधी शरीराचा असतो. परळच्या टाटा रुग्णालयाच्या आसपास फुटपाथवर बिऱ्हाडं दिसतात, ती गावाकडे घरदार असलेल्या माणसांची. उपचार महिनोन्‌महिने चालतात आणि लॉजचं भाडं झेपत नाही. कधी धक्का घरातलाच असतो : दारू, मारहाण, सवत, वाटणी. रस्त्यावर आलेल्या बाईला विचारलं तर ती बहुधा ‘घर नव्हतं’ असं सांगत नाही, ‘घरात राहणं शक्य नव्हतं’ असं सांगते.

आणि काहींना तर धक्का लागायचीही गरज नसते, ते जन्मतःच बिनपत्त्याचे. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यांतल्या पारधी समाजाची कितीतरी कुटुंबं आजही मुंबई-पुण्याच्या पुलांखाली राहतात. १९५२ मध्ये तो शिक्का कायद्याने पुसला गेला. पण वस्तीत कुणी टिकू देत नाही म्हणून पत्ता नाही, पत्ता नाही म्हणून दाखला नाही, दाखला नाही म्हणून शाळा आणि सवलत नाही.

हे आपल्यापासून दूर आहे असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगते. आमच्या शाखेत एक आजोबा दर महिन्याला पेन्शन काढायला येत. छापखान्यात खिळे जुळवण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. खिळे गेले, कॉम्प्युटर आला, नोकरी सुटली. पुढे पत्नी वारली. मुलांनी पागडीची खोली विकून लांब उपनगरात दोन ब्लॉक घेतले आणि वडील सहा-सहा महिने वाटून घेतले. पुढे ते सहा महिने दोघांनाही जास्त वाटू लागले असावेत. आजोबा नेहमी इस्त्रीचा सदरा घालून येत. मग कधीतरी बँकेने पाठवलेलं पत्र ‘पत्त्यावर राहत नाही’ असा शेरा घेऊन परत आलं, आणि शिपायाकडून कळलं की ते स्टेशनवर झोपतात. ओळखीचा लाँड्रीवाला त्यांचे दोन सदरे ठेवून घेई. त्यांच्या खात्यात पैसे होते. महिन्याला एखादी कॉट भाड्याने घेण्याइतके नक्कीच. पण म्हाताऱ्या एकट्या माणसाला कॉट देणारी जागाच जवळपास उरली नव्हती. घर फिरलं की घराचे वासे फिरतात म्हणतात. इथे तर वासेही विकले गेले होते.

मग सरकारने काय केलं? पहिल्यांदा केलं ते १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा. उपजीविकेचं दिसेल असं साधन नसताना भटकणं हीदेखील या कायद्याने भीक ठरवली. पहिल्या वेळी पकडला गेला तर तीन वर्षांपर्यंत कोंडून ठेवता येईल, पुन्हा पकडला तर दहा वर्षांपर्यंत. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दिल्लीपुरती यातली भिकेला गुन्हा ठरवणारी कलमं घटनाबाह्य ठरवली.

दुसरी गोष्ट केली ती चांगली, पण अर्धवट. २०१० मध्ये दिल्लीच्या थंडीत माणसं दगावली तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने शहरांत लाख लोकसंख्येमागे एक बारमाही निवारा असावा असा आग्रह धरला, आणि २०१३ मध्ये केंद्राच्या नागरी उपजीविका अभियानात तोच निकष आला. २०११ च्या लोकसंख्येनुसार मुंबईला असे सव्वाशेच्या आसपास निवारे लागतात. प्रत्यक्षातली संख्या त्याच्या फार खाली राहिली. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि लाखो मजूर पायी गावाकडे निघाले, तेव्हा कामाच्या गावात त्यांना हक्काची खोली नव्हती हे साऱ्या देशाने पाहिलं. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये स्वस्त भाड्याच्या घरांची योजना जाहीर झाली. एवढ्या वर्षांनी भाडं हा शब्द सरकारी घरबांधणीत परत आला, याचं मला बरं वाटलं होतं. पण काम शब्दाच्या फारसं पुढे गेलं नाही.

माझं म्हणणं साधं आहे. सर्वांना मालकीचं घर हे स्वप्न चांगलं. पण ते पुरं होईपर्यंत खालच्या पायऱ्या परत बांधा. बाजार, स्टेशन आणि रुग्णालय यांच्या जवळ निवारे हवेत, शहराबाहेर नव्हे. तिथे सामान ठेवायला कुलपाची पेटी हवी, कारण पेटी नसली की माणूस कामावर जाऊ शकत नाही. बायकांसाठी आणि कुटुंबांसाठी वेगळी सोय हवी. त्याच्या वरची पायरी म्हणजे महिन्याच्या भाड्याची कॉट आणि मग महिन्याच्या भाड्याची खोली. ‘फुकट घर दिलं की विकून पुन्हा फुटपाथवर येतात’ ही तक्रार आपण नेहमी ऐकतो. भाड्याची खोली विकता येत नाही, एवढं उत्तर त्याला पुरेसं आहे. ‘सोय केली की आणखी येतील’ ही दुसरी तक्रार. निवाऱ्यातल्या कॉटसाठी गाव सोडून कुणी येत नाही. माणसं कामासाठी येतात, आणि ते काम आपल्यालाच हवं असतं.

पत्त्याचंही तसंच. निवडणूक आयोगाने बेघर मतदारासाठी एक शहाणा नियम केला आहे : कागद मागू नका, अधिकाऱ्याने रात्री जाऊन तो माणूस खरंच तिथे झोपतो का ते पाहावं. बँकांतही कागदपत्रं नसलेल्यांसाठी ‘छोटं खातं’ असतं. अधिकाऱ्यासमोर सही किंवा अंगठा आणि एक फोटो पुरतो, शिल्लक पन्नास हजारांपर्यंत ठेवता येते. नियम आहेत, काउंटरवरच्या माणसाने ते वापरायला हवेत.

आणि हे सारं होऊ शकतं याचे दाखले आपल्याच मातीत आहेत. भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायकांनी महिला मिलनच्या माध्यमातून रोजचे सुटे पैसे साठवत मानखुर्दला स्वतःची मिलन नगर ही वसाहत उभारली. रस्त्यावर भ्रमिष्टासारख्या हिंडणाऱ्या हजारो मनोरुग्णांना डॉ. भरत वाटवानी यांच्या श्रद्धा पुनर्वसन संस्थेने कर्जतला नेऊन बरं केलं आणि घरी पोचवलं. ज्यांना आपण ‘वेडा’ म्हणून ओलांडून जातो त्यांना घर होतं, फक्त त्याचा रस्ता हरवला होता. आणि गाडगे महाराजांनी तर अंगावर चिंध्या वागवत पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा बांधल्या. दादरच्या त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत कर्करोगाच्या रुग्णांना आणि नातेवाइकांना आसरा मिळतो. त्यांच्या दशसूत्रीत बेघराला आसरा हे एक सूत्र आहे, आणि ते त्यांनी अन्न-वस्त्राच्याच रांगेत ठेवलं आहे.

शेवटी आपल्या घरापुरतं. जनगणनेच्या व्याख्येत ‘जिन्याखाली’ हा शब्द आहे. आपल्या सोसायटीचा वॉचमन रात्रपाळी संपल्यावर कुठे झोपतो, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? वार्षिक सभेत पार्किंगवर आपण दोन तास बोलतो, त्यातली दहा मिनिटं त्याच्या खोलीला देता येतील. घरकामाच्या बाईला दिवाळीला साडी देतो, तिला खोलीच्या डिपॉझिटसाठी बिनव्याजी उचल देऊन ती महिन्याच्या पगारातून वळती करून घेता येईल. आणि रिकामा फ्लॅट असेल तर ‘एकट्या माणसाला देणार नाही’, ‘अमक्या जातीला देणार नाही’ ही अट त्यातून काढता येईल. बँकेत आम्ही तारण नसलेल्या माणसाला कर्ज देताना एवढंच पाहायचो की, याला ओळखणारं कुणी आहे का. पत्ता नसलेल्या माणसालाही पहिल्यांदा तेवढंच लागतं.